शिदोरी की अन्नछत्र? स्टॅटिक लिंकिंगचा पाऊणशे वर्षांचा इतिहास (धागा)

१/
उबुंटू २२.०४ असलेल्या संगणकावर विनातक्रार चालणारा प्रोग्राम उबुंटू २०.०४ असलेल्या संगणकावर नेला, तर तो बहुधा सुरूच होत नाही. प्रोसेसर त्याच जातीचा, कार्यप्रणाली दोन्हीकडे लिनक्सच. पडद्यावर एवढेच उमटते, की 'जीलिबसी २.३४' ही आवृत्ती येथे सापडत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने या नावाची कोणतीही वस्तू मागितलेली नसते. मग ती मागितली कोणी?

२/
कोणताही प्रोग्राम एकटा नसतो. पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणे, ही कामे तो इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या लायब्ररींकडून करून घेतो. लायब्ररी प्रोग्रामला जोडण्याच्या रीती दोन. लागणारा भाग उचलून प्रोग्रामच्या पोटातच भरायचा, ही स्टॅटिक लिंकिंगची रीत. प्रोग्राममध्ये नुसते नाव नोंदवून ठेवायचे आणि तो ज्या यंत्रावर चालेल तेथील सामाईक प्रत वापरायची, ही डायनॅमिक लिंकिंगची.

३/
पहिली रीत म्हणजे घरून शिदोरी बांधून निघणे. दुसरी म्हणजे मुक्कामाच्या गावी अन्नछत्र असेल या भरवशावर रिकाम्या हाताने निघणे. शिदोरीचे ओझे होते आणि ती शिळी होते. अन्नछत्रात ताजे मिळते, पण स्वयंपाकी बदलला तर चवही बदलते, आणि दार बंद असले तर उपास घडतो. हा वाद संगणकाइतकाच जुना आहे.

४/
केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालवला आणि वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. पाऱ्याने भरलेल्या नळ्या हीच त्याची स्मृती. तीत प्रारंभी जेमतेम ५१२ शब्द मावत. यंत्र चालू होताच एक गोष्ट ध्यानात आली: ज्याला त्याला तीच गणिते पुन्हा पुन्हा लिहावी लागत होती आणि प्रत्येक जण त्यात नव्याने चुका करत होता.

५/
त्यावरचा उपाय अगदी घरगुती वाटावा असा होता. एकदा पारखून घेतलेली उपकार्ये तारयंत्राच्या पाच छिद्रांच्या कागदी पट्ट्यांवर नोंदवून पोलादी कपाटात ठेवली. ज्याला जे हवे त्याने ती पट्टी काढावी, यंत्राच्या साहाय्याने आपल्या पट्टीवर तिची नक्कल उतरवावी आणि मूळ पट्टी जागच्या जागी ठेवावी. १९५१ पर्यंत अशी ८७ उपकार्ये जमली होती. 'लायब्ररी' हा शब्द तेव्हा अलंकारिक नव्हता; कपाट होते, खण होते, पट्ट्या होत्या.

६/
पण नुसत्या नकलेने भागत नव्हते. तेच उपकार्य एका प्रोग्राममध्ये शंभराव्या घरात बसे, दुसऱ्यात तीनशेव्या. त्याच्या आतले सगळे पत्ते त्यानुसार सरकवावे लागत. हे काम डेव्हिड व्हीलर यांनी यंत्राकडेच सोपवले. पट्टी वाचतानाच पत्ते दुरुस्त करणारा त्यांचा प्रारंभिक आज्ञासंच अवघ्या ४१ आज्ञांचा होता. १९४९ साली व्हीलर बावीस वर्षांचे होते. आजचा लिंकर मूलतः हेच करतो: नक्कल उतरवणे आणि पत्ते सरकवणे.

७/
अटलांटिकच्या पलीकडे ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी १९५२ च्या सुमारास 'ए-झीरो' तयार केले. उपकार्यांच्या साठ्यातून हवी ती निवडून एकत्र गुंफणे, हे त्याचे काम. या गुंफणीलाच त्यांनी 'कंपाइल' म्हटले. आज त्या शब्दाचा अर्थ बराच सरकला आहे. मराठीत रूढ झालेला 'संकलक' हा प्रतिशब्द मात्र हॉपर यांच्या मूळ अर्थाला आजच्या वापरापेक्षा अधिक जवळचा आहे. परिभाषा घडवताना असे योग क्वचित जुळतात.

८/
या काळात 'स्टॅटिक' हे विशेषण कोणाला लागतच नव्हते, कारण दुसरी रीत प्रचारात नव्हती. साठच्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रकल्पाने ती आणली. प्रोग्राम चालू असताना, गरज पडेल तेव्हा, दुसरा भाग नावाने शोधून जोडायचा. कल्पना भव्य होती, प्रकल्प रेंगाळला, आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले.

९/
तेथून परतलेल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेले युनिक्स मल्टिक्सच्या मानाने फारच आटोपशीर होते. त्यात लिंकर साधा: साठ्यातून लागतील तेवढेच तुकडे उचलायचे, प्रोग्राममध्ये भरायचे, काम संपले. तयार झालेली फाइल स्वयंपूर्ण. एका यंत्रावरून दुसऱ्या तशाच यंत्रावर नेली की चालू. सत्तरच्या दशकात ते पुरेसे होते, कारण प्रोग्राम लहान होते.

१०/
ऐंशीच्या दशकात पडद्यावर खिडक्या आल्या. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीवर साधे घड्याळ दाखवायचे म्हटले, तरी खिडकी, अक्षरवळण, माउस यांचा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. दहा प्रोग्राम उघडले की तोच संसार स्मृतीत दहा वेळा मांडला जाई. त्या काळच्या वर्कस्टेशनची स्मृती काही मेगाबाइटांची. ओझे सहन होईना.

११/
सन मायक्रोसिस्टिम्समधील रॉबर्ट गिंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये यावरचा आपला आराखडा प्रसिद्ध केला आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये तो प्रत्यक्षात आला. लायब्ररीची एकच प्रत स्मृतीत आणायची आणि सर्व प्रोग्रामांनी ती वाटून घ्यायची. त्यासाठी लायब्ररीतील आज्ञा कोणत्याही पत्त्यावर बसल्या तरी न बदलता चालतील, अशा लिहाव्या लागतात. व्हीलर जे पत्ते सरकवत होते, ते सरकवण्याची गरजच पडू नये, हा यातला डाव.

१२/
सर्वांना ही सफाई एकदम साधली नाही. लिनक्सच्या पहिल्या काही वर्षांत प्रत्येक सामाईक लायब्ररीला स्मृतीतला ठरावीक पत्ता आगाऊ नेमून द्यावा लागे. जणू भूखंडवाटपच. लायब्ररी वाढली आणि भूखंड अपुरा पडला की सगळी मोजणी नव्याने. १९९५ च्या सुमारास लिनक्सने 'एल्फ' हे फाइलचे नवे स्वरूप स्वीकारले, तेव्हा ही कटकट मिटली.

१३/
स्मृतीची बचत हे अन्नछत्राच्या बाजूचे पहिले कारण. दुसरे कारण त्याहून वजनदार ठरले, ते २००२ मध्ये. मार्चमध्ये झीलिब या माहिती आकुंचित करणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचा गंभीर दोष आढळला. तिची सामाईक प्रत बदलणे सोपे होते. पण ती इतकी उपयोगी आणि इतकी लहान, की असंख्य प्रोग्रामांनी तिची नक्कल आपापल्या पोटात घालून घेतली होती. आरसिंक हे त्यांपैकी एक.

१४/
ती नक्कल कोणाकोणाच्या पोटात आहे, याची यादी कोणाकडेही नव्हती. तयार फाइलींमध्ये झीलिबचे ओळखीचे तक्ते आणि अक्षरमाला शोधत बसावे लागले. बांधून दिलेल्या शिदोऱ्या हजारो, त्यांतले नेमके एक पीठ खराब, आणि कोणत्या शिदोरीत ते आहे हे वरून कळत नाही, अशी ती गत होती. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' दोष उघड झाला, तेव्हा सामाईक प्रत वापरणाऱ्यांना निदान दुरुस्तीचा मार्ग सरळ होता: एक लायब्ररी बदला आणि तिच्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा सुरू करा.

१५/
येथवर वाचून अन्नछत्राचा पक्ष जिंकला असे वाटेल. पण सामाईक प्रत बदलण्याची सोय म्हणजेच ती कोणाच्या तरी पायाखालून बदलली जाण्याचा धोका. याचा उत्तम दाखला २०१० चा आहे आणि तो गाण्यांचा आहे.

१६/
फेडोरा १४ वापरणाऱ्यांना फ्लॅशमधून वाजणारी गाणी अचानक खरखरीत ऐकू येऊ लागली. फ्लॅश बदललेले नव्हते. बदलले होते जीलिबसीमधील 'मेमकॉपी' हे एक कार्य. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, एवढेच त्याचे काम. वेगासाठी नव्या रूपात ते काही प्रोसेसरांवर शेवटाकडून सुरुवातीकडे नक्कल करू लागले होते.

१७/
दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर मेमकॉपी वापरू नये, असे सी भाषेचे मानक स्पष्ट सांगते. त्यासाठी 'मेममूव्ह' हे वेगळे कार्य आहे. फ्लॅशने हा नियम मोडला होता. पण जुनी मेमकॉपी सुरुवातीकडून शेवटाकडे जात असल्याने ती चूक वर्षानुवर्षे झाकली गेली होती. मानक एका बाजूला, लाखो लोकांचे कान दुसऱ्या बाजूला.

१८/
या तक्रारीच्या चर्चेत खुद्द लिनस टोरवाल्ड्स उतरले. त्यांचा मुद्दा असा, की चूक फ्लॅशची असली तरी वापरणाऱ्याला त्याचे काय. काल चालणारी गोष्ट आज मोडली, तर दोष मोडणाऱ्याचा. समोरच्या पक्षाचे उत्तर होते, की नियम लिहिलेला आहे आणि तो पाळायलाच हवा. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच हा वाद तांत्रिक राहिला नाही. तो कराराचा वाद झाला. करार म्हणजे लिहिलेला नियम, की आजवरची वहिवाट? इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न वतनांच्या तंट्यांतून ओळखीचा असतो.

१९/
तोडगा निघाला २०११ मध्ये, जीलिबसी २.१४ सोबत. लायब्ररीत मेमकॉपी दोन नावांनी राहिली. जुन्या प्रोग्रामांना जुन्या, क्षमाशील वागणुकीची. नव्याने बांधल्या जाणाऱ्यांना नवी, '२.१४' असा शिक्का असलेली. जुने प्रोग्राम वाचले. पण त्या दिवसापासून नव्या यंत्रावर बांधलेला आणि मेमकॉपी वापरणारा ६४ बिटांचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम २.१४ मागू लागला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ मध्ये जीलिबसी २.१२ होती आणि ती प्रणाली २०२० पर्यंत अनेक कचेऱ्यांत चालू होती.

२०/
पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच दडले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ ने धागे हाताळणारी वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केली. त्या ओघात प्रोग्राम सुरू होण्याच्या क्षणी जे कार्य सर्वांत आधी चालते, त्यालाच नवा शिक्का मिळाला. म्हणजे लिहिणाऱ्याची पहिली ओळ चालण्यापूर्वीच २.३४ ची मागणी झालेली असते. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, उबुंटू २०.०४ मध्ये २.३१. जुन्या अन्नछत्रात नवा पदार्थ मागितला, की दारातूनच परत.

२१/
यावर एक युक्ती सर्रास वापरली जाते: बांधणीच जुन्या यंत्रावर करायची. जुने शिक्के नव्या लायब्ररीला ओळखता येतात, उलट मात्र होत नाही. पायथनच्या जगाने तर याचे मानकच केले. २०१६ मध्ये ठरलेल्या 'मेनीलिनक्स-१' चा आधार होता सेंटओएस ५, म्हणजे जीलिबसी २.५, पुढच्या टप्प्यांत सेंटओएस ६ आणि मग ७.

२२/
मग सरळ जीलिबसीच स्टॅटिक पद्धतीने पोटात का भरू नये? भरता येते, पण अर्धीच. यंत्रांची आणि वापरकर्त्यांची नावे शोधण्यासाठी जीलिबसी प्रोग्राम चालू असताना वेगळे तुकडे बाहेरून मागवते. नावे फाइलीत शोधायची की जाळ्यावर, हे त्या यंत्राच्या मालकाने ठरवावे हा त्यामागचा हेतू. म्हणून स्टॅटिक जोडणी करताना लिंकर स्वतःच बजावतो, की या कार्यासाठी चालतेवेळी त्याच आवृत्तीची सामाईक लायब्ररी लागेल. शिदोरी बांधली खरी, पण पाणी गावातलेच प्यावे लागणार.

२३/
या अडचणीतून अनेकांनी वेगळी लायब्ररीच लिहिली. त्यांपैकी सर्वाधिक रुजली ती रिच फेल्कर यांची 'मसल'. २०११ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि २०१४ मध्ये १.० झाली. लहान, सुटसुटीत, आणि स्टॅटिक जोडणी डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेली. नावे शोधण्याचे काम ती बाहेरचे तुकडे न मागवता स्वतः करते. त्याच वर्षी अल्पाइन लिनक्सने ती स्वीकारली.

२४/
त्याची किंमतही आहे. स्मृतीची वाटणी अनेक धाग्यांत चालते तेव्हा मसल अनेकदा मंद पडते. नावाचे उत्तर मोठे आले तर ते टीसीपीने पुन्हा मागण्याची सोय तिच्यात २०२३ पर्यंत नव्हती; अशा वेळी नाव सापडत नसे आणि कारण लवकर उमजत नसे. मसलवर फिदा असणारे हे दोन मुद्दे सहसा आधी सांगत नाहीत.

२५/
दरम्यान बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा वारस म्हणून घडलेल्या प्लॅन ९ ने सामाईक लायब्ररी मुळातच नाकारली होती. त्याच परंपरेतले केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक पुढे गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीझमर यांच्यासह गो भाषा घडवत होते. २००९ मध्ये ती जाहीर झाली. शुद्ध गोमध्ये लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर सी लायब्ररीला शिवतही नाही. थेट कर्नलशी बोलतो. एक फाइल उचला, दुसरीकडे ठेवा, चालवा. सत्तरच्या दशकातले युनिक्स असेच होते, आणि घडवणाऱ्यांपैकी एक माणूसही तोच होता.

२६/
मात्र या वाटेवर एक खड्डा निघाला. २०१६ मध्ये मॅकओएस सिएरा आले आणि आधीच्या गो आवृत्त्यांनी बांधलेले प्रोग्राम त्यावर कोसळू लागले. वेळ विचारण्याच्या सिस्टिम कॉलची आतली रीत ॲपलने बदलली होती. ॲपलने कोणताही शब्द मोडला नव्हता. कर्नलच्या दारावर ॲपलचे वचन कधी नव्हतेच. ते होते 'लिबसिस्टिम' या लायब्ररीच्या दारावर. गोने अखेर १.११ आणि १.१२ या आवृत्त्यांत मॅकवर तेच दार धरले.

२७/
सोलारिसनेही २००५ च्या दहाव्या आवृत्तीत प्रणालीच्या लायब्ररींच्या स्टॅटिक प्रती देणेच बंद केले, कारण तेच: लायब्ररीचे दार कायम, त्याच्या मागचे काहीही बदलू शकते. विंडोजवर सिस्टिम कॉलचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात; भरवशाची सीमा तेथेही डीएलएलचीच. लिनक्स याला अपवाद आहे. वापरकर्त्याचा प्रोग्राम मोडायचा नाही, हा टोरवाल्ड्स यांचा हट्ट कर्नलच्या दारावर लागू आहे. म्हणून वीस वर्षांपूर्वी बांधलेली स्टॅटिक फाइल आजच्या लिनक्सवर बहुधा चालते. स्टॅटिक जोडणीने येणारी सुवाह्यता म्हणजे नुसती लिंकरची करामत नव्हे. ती मुख्यतः त्या एका वचनाची पुण्याई आहे.

२८/
२०१३ मध्ये डॉकर आले, आणि लोकांनी प्रोग्रामसोबत सगळ्या लायब्ररी, किंबहुना कर्नल सोडून सगळे घरच बांधून न्यायला सुरुवात केली. आत जोडणी डायनॅमिक, बाहेरून पाहता शिदोरी. हीसुद्धा टेकलेली आहे ती कर्नलच्या त्याच वचनावर.

२९/
२००२ चा प्रश्न मात्र अजून उरला आहे: बांधलेल्या गाठोड्यात नेमके काय आहे? गोने बांधलेली फाइल आपल्यात कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे, याची यादी स्वतःबरोबर वागवते. एका आज्ञेत ती वाचता येते आणि ज्ञात दोषांशी ताडून पाहता येते. मसल वापरून सीमध्ये बांधलेल्या स्टॅटिक फाइलीत अशी यादी आपोआप येत नाही. बांधणाऱ्याने नोंद ठेवली नसेल, तर तिच्यात झीलिब आहे का हे पाहण्यासाठी आजही ओळखीच्या अक्षरमालाच शोधाव्या लागतात.

(धागा समाप्त)